एक नदी, तीन कायदे आणि मोहाची

थेम्सच्या काठी जुने पब आहेत. त्यातला 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी' आपलं मूळ १५२० पर्यंत नेतो. परदेशातले आपले नातेवाईक अशा ठिकाणचे फोटो पाठवतात. समोर नदी, हातात पेला, ताटलीत तळलेले मासे. आणि खाली हमखास प्रश्न, "आपल्या भंडाऱ्याला एवढी मोठी वैनगंगा आहे, तिथे असं काही का नाही?"

प्रश्न गमतीचा असला तरी उत्तर गमतीचं नाही. वैनगंगेच्या काठी दारू नव्हती असं नाही. उलट दारूला नदी-नाला लागतोच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात. ती वेचायची, वाळवायची, पाण्यात काही दिवस आंबवायची आणि भट्टीवर चढवायची. वाफ थंड करायला वरच्या भांड्यातलं गार पाणी सारखं बदलावं लागतं. म्हणून भट्टी पाण्याजवळ. सुरुवातीला जी उतरते ती सगळ्यात कडक. आपण मराठीत सहज 'पहिल्या धारेची' म्हणतो ना, ते इथून आलंय!

आणि मोह म्हणजे नुसती दारू नव्हे. हीच फुलं गोंडांच्या घरी देवाला, लग्नाला, मयतीला लागतात. दुष्काळात गरिबाच्या पोटाला आधारही याच फुलांचा. बियांचं तेल निघतं ते वेगळंच.

मग इंग्रज सरकारच्या लक्षात आलं, की यात पैसा आहे. मध्य प्रांतात भट्टी आणि दुकान चालवायच्या हक्काचे लिलाव होऊ लागले. घरी गाळणारा गुन्हेगार ठरला आणि कंत्राटदार कायदेशीर. १९०५-०६ च्या आबकारी समितीनंतर विखुरलेल्या भट्ट्या बंद करून मोठ्या कारखान्यातून दारू पुरवण्याकडे कल वाढला. १९१५ साली प्रांताचा आबकारी कायदा आला. पुढे काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदाही झाला. म्हणजे आधी सरकारने दारूवर कमाई केली, मग त्याच दारूला पाप म्हटलं. मोह मात्र होता तिथेच उभा.

खरी गंमत १ नोव्हेंबर १९५६ ला झाली. राज्य पुनर्रचनेत भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा मग विदर्भालाही लागू झाला. तोच आजही आहे, फक्त नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र. म्हणून तर आपल्याकडे बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. कायद्याने दारूबंदी आहे, परवाना काढून पिता येते, असा सगळा मामला.

आता नकाशा समोर धरा. नदी वरून बालाघाटातून येते. तिथे मध्य प्रदेशात अजून तो १९१५ चाच कायदा आहे आणि आदिवासी कुटुंबाला स्वतःपुरती मोहाची गाळायची सवलत आहे. तीच नदी भंडारा जिल्ह्यात आली, की तेच मडकं हातभट्टी ठरतं आणि धाड पडते. आणखी खाली गेलं की वडसा गडचिरोलीत, तिथे १९९३ पासून पूर्ण दारूबंदी. समोरच्या काठावर चंद्रपूर जिल्हा. तिथे २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. पाणी तेच, फूल तेच, माणसंही बरीचशी एकमेकांची सोयरी. कायदे मात्र तीन!

पण एवढं लिहून 'बिचारा मोह' म्हणत थांबणं मला जमत नाही. गडचिरोलीतली बंदी काही मुंबईत बसून कुणी लादली नव्हती. तिच्यामागे डॉ. अभय आणि राणी बंग होते, गावोगावच्या बायका होत्या. गावातलं दुकान बंद करायला बायका मतदान करतात तेव्हा चिन्ह असतं आडवी बाटली. ज्या घरात मजुरी संध्याकाळी भट्टीवरच संपते, त्या घरातल्या बाईला परंपरेचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचं?

इकडे नदीकाठही पूर्वीचा राहिला नाही. १९८८ साली गोसीखुर्दची पायाभरणी झाली. पुढे गावं उठली, ढिवरांची मासेमारी बदलली. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून आंभोऱ्याला वैनगंगेत येते. त्याच आंभोऱ्याला २०२४ मध्ये नवा पूल सुरू झाला, वर गॅलरीतून नदी बघायची सोय आहे. जलपर्यटनाचंही बोललं जातंय. म्हणजे काठावर बसून खाण्यापिण्याच्या जागा आज ना उद्या होतील.

तिथे पेल्यात काय असेल? गोव्याने फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरलं. उद्या आपल्याकडेही सुंदर लेबल लावून ती येईल आणि पर्यटक कौतुकाने घेतील. माझी हरकत नाही. फक्त तेव्हा शेजारच्या गावात तीच गाळणाऱ्या म्हातारीवर केस होऊ नये, आणि आडवी बाटली मागणाऱ्या बाईचं ऐकणंही थांबू नये. हे दोन्ही एकाच वेळी कसं साधायचं, ते तुम्हाला सुचत असेल तर जरूर सांगा. मला अजून सुचलेलं नाही.