आधी ओढून काढा

उवा मळातून होतात, हे चरकाचं निदान चुकलं. उपाय मात्र त्यानं बरोबर सांगितला. चरकसंहितेच्या विमानस्थानात शरीराच्या बाहेरच्या मळातून होणाऱ्या कृमींत यूका, म्हणजे ऊ, आहे, आणि चिकित्सेत सगळ्यांत आधी अपकर्षण, म्हणजे ओढून काढणं. आमच्या धारूरच्या आजीनं चरकाचं नावही ऐकलेलं नव्हतं. दुपारची भांडी उरकली की ती उंबऱ्यात बसून एकेका नातीला गुडघ्यांत धरायची आणि पांढऱ्या फडक्यावर फणी झटकायची. ऊ अंगठ्यांच्या नखांत टिचकन मरायची. लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या, त्या चिमटीत धरून ओढाव्या लागत. तोंडानं गावभरच्या सोयरिकी चालूच.

तिची फणी लाकडी, तेलानं काळी पडलेली. एका बाजूला विरळ दाते, दुसरीकडे दाट. 2022 साली इस्रायलमधल्या लाखीशच्या हस्तिदंती फणीचा फोटो छापून आला, तो मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. वय सुमारे 3,700 वर्षं. एकीकडे गुंता सोडवायला 6 जाड दाते, दुसरीकडे उवांसाठी 14 बारीक. दातांत उवेच्या पिलाचा अवशेषही निघाला. वर 17 कनानी अक्षरांत विनवणी कोरलेली, केसांतल्या नि दाढीतल्या उवा जाऊ देत म्हणून. हस्तिदंताची वस्तू काही मजुराघरची नसणार. तरीही मी शिकवत होते त्या शाळेत उवा दिसल्या की पहिलं बोट ऊसतोडीहून परतलेल्या पोरींकडे. डोक्याला डोकं लागलं की ऊ जाते. ते डोकं धुतलेलं आहे की नाही, हे ती बघत नाही.

आमच्या बालाघाटात सीताफळ उदंड. झाड मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांनी आणलं असं मानतात. बिया वाळवून, कुटून, खोबरेलात कालवून डोक्याला लावत. उवा मरत, हे खरं. पण पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, म्हणून आजी आधी आमच्या डोळ्यांवर पंचा बांधायची.

मग पावडरींचा जमाना आला. 1943-44 च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये अंगावरच्या उवांमुळे पसरणाऱ्या टायफसची साथ रोखायला लाखो लोकांच्या कपड्यांत डीडीटी फवारली. साथ आटोक्यात आली. 1951 पर्यंत कोरियातल्या युद्धात अंगावरच्या उवा त्याच डीडीटीला जुमानेनाशा झाल्या. पुढे पर्मेथ्रिन या उवांवरच्या औषधाचंही बऱ्याच देशांत तेच झालं. फणीला न जुमानणारी ऊ काही अजून निपजलेली नाही.

तेव्हा केस ओले करा, तेल लावा आणि दर तीन-चार दिवसांनी दोन आठवडे बारीक फणी फिरवा. लिखा आठवडाभरात फुटतात, एकदा विंचरून भागत नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, पुरुषांचीसुद्धा. आणि सीताफळाच्या बिया सरळ फेकून द्या.