जनरल मोटर्स : वार्षिक नमुने

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जनरल मोटर्स या निगमाने आपल्या सर्व मोटारगाड्या व मालमोटारी दरवर्षी नव्या रूपात बाजारात आणण्याची जी पद्धती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात रूढ केली, ती वार्षिक नमुना-पद्धती या नावाने ओळखली जाते. नमुना म्हणजे व्यवहारात ज्याला मॉडेल म्हणतात तो. गाडीचे डोळ्यांना दिसणारे अंग दरवर्षी बदलावे, न दिसणारे अंग शक्य तितकी वर्षे कायम ठेवावे आणि हे न दिसणारे अंग निरनिराळ्या नावांच्या गाड्यांना समाईक असावे, हे तिचे सूत्र होय. निगमाचा उत्कर्ष याच सूत्रावर झाला आणि पुढील काळातील त्याच्या अवनतीचे एक प्रमुख कारणही त्यातच सापडते.

विल्यम ड्युरांट याने १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली. ब्यूइक कंपनी त्याच्या हाती होतीच. दोन वर्षांच्या आत ओल्ड्समोबील, कॅडिलॅक व ओकलंड या कंपन्या त्याने विकत घेतल्या. मालमोटारी बनविणाऱ्या काही लहान कंपन्याही घेतल्या व त्यांतून जीएमसी हे नाव पुढे आले. शेव्हरोले १९१८ मध्ये निगमात सामील झाली. एवढा पसारा जमला, तरी त्याला शिस्त नव्हती. निगमाचे विभाग एकमेकांच्याच गिऱ्हाइकांवर हात मारीत. १९२० च्या मंदीत ड्युरांटला निगम कायमचा सोडावा लागला. प्येअर द्यू पाँ अध्यक्ष झाला व १९२३ मध्ये त्याच्या जागी ॲल्फ्रेड स्लोन आला.

१९२१ मध्ये अमेरिकेतील मोटारगाड्या व मालमोटारी यांच्या एकूण संख्येपैकी सुमारे ६० टक्के वाहने एकट्या फोर्डची होती आणि शेव्हरोलेचा वाटा सुमारे ४ टक्के होता. फोर्डचे टी हे एकच मॉडेल १९०८ पासून जवळजवळ त्याच रूपात चालू होते. १९२५ मध्ये त्याची सर्वांत स्वस्त गाडी २६० डॉलरला मिळे. किमतीत फोर्डशी सामना करणे अशक्य होते. म्हणून स्लोनने १९२१ मध्येच सुचविलेली योजना अशी : ४५० पासून ३,५०० डॉलरपर्यंत किमतीच्या सहा पायऱ्या कराव्यात, प्रत्येक पायरीवर निगमाची एकच गाडी असावी आणि ती त्या पायरीच्या वरच्या टोकाला ठेवावी. म्हणजे खालच्या पायरीवरचा गिऱ्हाईक थोडे अधिक पैसे घालून चांगल्या गाडीकडे वळेल आणि वरच्या पायरीवरचा थोडे पैसे वाचविण्यासाठी खाली उतरेल. ज्याची जशी ऐपत आणि जशी गरज, तशी गाडी त्याला निगमाकडे मिळावी, हा या शिडीचा अर्थ. पहिल्या नोकरीत शेव्हरोले घेणारा माणूस उतारवयात कॅडिलॅकमध्ये बसेल, ही अपेक्षा तीत गृहीत होती.

वार्षिक बदलाची कल्पना मात्र स्लोनने आधी आखून मग अंमलात आणली असे जे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनपर ग्रंथात त्याने स्वतःच नमूद केले आहे, की १९२०–३० या दशकात असे धोरण जाहीर झालेले नव्हते; ते हळूहळू घडत गेले. त्याचा एक उगम तर अपयशात आहे. चार्ल्स केटरिंग या निगमाच्या संशोधनप्रमुखाने पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पाती लावलेले एंजिन तयार केले होते. १९२३ च्या शेव्हरोलेत ते बसविण्याचा बेत होता. चाचणीत ते तापू लागले व विकलेल्या थोड्या गाड्या परत मागवाव्या लागल्या. हाती राहिले ते जुने पाण्याचे एंजिन. मग त्याच जुन्या यंत्रावर नव्या घाटाची बॉडी चढवून गाडी विकण्यात आली आणि ती उत्तम खपली. यंत्र जुने असूनही रूप नवे असेल, तर गिऱ्हाईक गाडी नवी मानतो, हा धडा त्या वर्षी मिळाला.

काळही अनुकूल होता. १९२५ च्या सुमारास ज्यांना गाडी परवडत होती, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती एकदा घेतलेली होती. धंदा पुढे चालायचा, तर त्याच लोकांनी दुसरी गाडी घेणे आवश्यक होते. निगमाच्या पतपुरवठा कंपनीमुळे १९१९ पासून हप्त्याने गाडी मिळू लागली होती. जुनी गाडी विक्रेत्याला देऊन तिची किंमत नवीत वळती करून घेण्याची चालही पडली. त्यातच बंद गाड्या आल्या. १९२४ मध्ये देशात तयार होणाऱ्या गाड्यांत त्यांचे प्रमाण ४३ टक्के होते, ते १९२७ मध्ये ८५ टक्क्यांवर गेले. छप्पर व काचा असलेल्या गाडीत घाट, रंग आणि गाद्यांचे कापड यांना जे महत्त्व येते, ते उघड्या गाडीत येत नाही. फोर्डचे टी मॉडेल मुळात उघड्या, हलक्या गाडीच्या बेताने बांधलेले होते. १९१४ ते १९२५ या काळात ते फक्त काळ्या रंगात मिळे. याचे कारण काळा रंग लवकर वाळे. द्यू पाँ कंपनीच्या ड्यूको या रोगणाने ही अडचण दूर केली. रंगकामाला पूर्वी काही आठवडे लागत, तेथे आता काही तास पुरू लागले. ते प्रथम ओकलंडच्या १९२४ च्या निळ्या नमुन्यावर वापरले गेले.

हॉलिवुडमधील श्रीमंतांसाठी खास बॉडी बांधणाऱ्या हार्ली अर्ल याने आखलेली लासाल ही गाडी १९२७ मध्ये निघाली. त्याच वर्षी त्याच्या हाताखाली कला व रंग असा स्वतंत्र विभाग निगमाने उघडला. मोटारगाडीचा घाट अभियंत्याकडून आरेखकाकडे जाण्याची सुरुवात येथे झाली. मे १९२७ मध्ये फोर्डने टी मॉडेल बंद केले आणि नव्या गाडीच्या तयारीसाठी कारखाने कित्येक महिने बंद ठेवले. त्या वर्षी शेव्हरोलेचा खप फोर्डच्या पुढे गेला. उलट, शेव्हरोलेने चार सिलिंडरांवरून सहा सिलिंडरांवर येण्याचे काम १९२८ च्या अखेरीस काही आठवड्यांत उरकले. विल्यम नुडसन या शेव्हरोलेच्या प्रमुखाने एकाच कामाला जखडलेल्या यंत्रांऐवजी फेरजुळणी करता येणारी यंत्रे बसविली होती, त्याचा हा परिणाम होता. दरवर्षी बदल करायचा, तर कारखानाही बदलता येण्याजोगा हवा, हे त्यातून दिसून आले.

उत्पादन व कामगार : पत्रा दाबून बॉडीचे भाग घडविणारे पोलादी साचे अतिशय महाग असत. म्हणून १९३० नंतर दोन-तीनच मूळ बॉड्या सर्व विभागांना वाटून देण्याचा प्रघात पडला. सुमारे तीन वर्षांनी मूळ बॉडी बदलावयाची आणि मधल्या वर्षांत पुढची जाळी, दिवे व पट्ट्या यांवर भागवावयाचे, असा क्रम ठरला.

या क्रमाची झळ कामगारांना बसे. नव्या नमुन्यासाठी यंत्रे बदलत असता हजारो कामगारांना दरवर्षी काही आठवडे, कधी काही महिने घरी बसावे लागे. पुन्हा कामावर घेतले जाईल की नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर असे. रूझवेल्ट शासनाच्या आग्रहावरून १९३५ मध्ये नव्या नमुन्यांचे अनावरण जानेवारीऐवजी आधीच्या शरद ऋतूत नेण्यात आले. वसंतातील नेहमीची खरेदी आणि नव्या नमुन्यांची खरेदी वेगवेगळ्या वेळी यावी व काम वर्षभर विभागले जावे, हा त्यामागील हेतू होता. त्यानंतर दोनच वर्षांत कामगारांनी या पद्धतीचे मर्म हेरले. मूळ बॉड्या थोड्या, त्यांचे साचेही थोड्याच ठिकाणी; १९३७ च्या नमुन्यांचे महत्त्वाचे साचे फ्लिंट येथील फिशर बॉडीच्या पहिल्या क्रमांकाच्या कारखान्यात व क्लीव्हलंड येथे होते. डिसेंबर १९३६ च्या अखेरीस तेथे बैठा संप सुरू होताच निगमाचे जवळजवळ सर्व उत्पादन ठप्प झाले. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, निगमाने मोटार कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली. नमुनाबदलाच्या काळातील सक्तीच्या बेकारीबद्दल मालकाने पूरक भत्ता द्यावा, ही गोष्ट मान्य होण्यास मात्र १९५५ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या फेब्रुवारीपासून नागरी गाड्यांचे उत्पादन बंद होते. १९४६ चे नमुने म्हणजे १९४२ चेच किंचित बदललेले रूप. १९४८ च्या कॅडिलॅकला मागच्या बाजूस लहानसे पंख फुटले. दहा वर्षांत ते वाढत जाऊन १९५९ मध्ये कळसास पोहोचले. या काळात शरद ऋतूतील अनावरण हा एक राष्ट्रीय सोहळाच होता. विक्रेते दुकानांच्या काचा कागदाने झाकीत आणि ठरलेल्या दिवशी उघडीत. आत मात्र स्थैर्य होते. शेव्हरोलेचे १९५५ चे आठ सिलिंडरांचे एंजिन मूळ रचना कायम ठेवून पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरात राहिले. १९६२ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या निम्म्याहून अधिक मोटारगाड्या जनरल मोटर्सच्या होत्या. फिशर, ग्रिलिकस व केसन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९४९ नंतरच्या नमुनाबदलांचा भार एका गाडीमागे ७०० डॉलरहून अधिक, म्हणजे किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढा, काढला आहे. गिऱ्हाइकांनी तो खुशीने सोसला, हेही त्याच अभ्यासात मान्य केले आहे. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी कॉर्व्हेअर या गाडीच्या निमित्ताने सुरक्षिततेपेक्षा रूपाला महत्त्व दिल्याचा ठपका ठेवला आणि १९६६ च्या कायद्याने शासनाचे नियंत्रण आले.

शिडी मोडली ती आतूनच. प्रत्येक विभाग वरखाली पसरत गेला. शेव्हरोले महाग झाली, ब्यूइक स्वस्त. १९७७ मध्ये ओल्ड्समोबीलच्या काही गाड्यांत शेव्हरोलेचे एंजिन असल्याचे गिऱ्हाइकांना कळले व न्यायालयात दावे लागले. न दिसणारे अंग समाईक ठेवण्याची प्रथा जुनीच होती. एंजिन मात्र ओल्ड्समोबीलच्या अभिमानाचे स्थान होते. पुढे दिसणारे अंगही एकसारखे झाले. १९८२ च्या शेव्हरोले कॅव्हलियरवरून कॅडिलॅकची सिमरॉन काढण्यात आली व तिने कॅडिलॅकची प्रतिष्ठा घालविली. १९८३ मध्ये फॉर्च्यून नियतकालिकाने निगमाच्या चार विभागांच्या, ओळखू न येण्याइतक्या सारख्या गाड्या मुखपृष्ठावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

मालमोटारी व एसयूव्ही : मालमोटारींकडे आरेखकांचे लक्ष उशिरा गेले, हे एका परीने त्यांच्या पथ्यावर पडले. १९३५ मध्ये शेव्हरोलेने अर्ध्या टनाच्या मालमोटारीच्या साट्यावर आठ आसनांची पोलादी बॉडी चढवून सबर्बन ही गाडी काढली. तिचे नाव आजतागायत चालू आहे. १९६९ ची ब्लेझर ही आखूड केलेली मालमोटारच होती. १९७५ च्या ऊर्जा कायद्यान्वये मोटारगाड्यांना १९८५ पर्यंत गॅलनला सरासरी २७.५ मैल गाठण्याचे बंधन आले. हलक्या मालमोटारींची अट मात्र २० मैलांच्या आसपास राहिली. परदेशी हलक्या मालमोटारींवर १९६४ पासून २५ टक्के जकात होतीच. मोठ्या गाडीची हौस असलेला गिऱ्हाईक साहजिकच मालमोटारीच्या साट्यावरील गाडीकडे वळला. सबर्बन, टाहो, जीएमसी यूकॉन आणि १९९९ ची कॅडिलॅक एस्कलेड या एकाच कुळातील गाड्या. स्लोनची शिडी येथे पुन्हा उभी राहिली, फक्त मोटारगाडीच्या जागी मालमोटार आली.

ओल्ड्समोबील २००४ मध्ये बंद झाली. १ जून २००९ रोजी निगमाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुनर्रचनेत पाँटिअ‍ॅक, सॅटर्न व हमर ही नावे गेली. अमेरिकेत शेव्हरोले, ब्यूइक, जीएमसी व कॅडिलॅक एवढीच उरली. शेव्हरोलेची मालिबू ही शेवटची चार दारांची मोटारगाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबली. वार्षिक नमुना आता मुख्यत्वे नोंदीपुरता आहे : मूळ बॉडी बरीच वर्षे तीच राहते व नमुन्याचे वर्ष १९८१ पासून वाहनक्रमांकाच्या सतरा अक्षरांपैकी दहाव्या अक्षराने दाखविले जाते.

भारत : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून शेव्हरोले मोटारगाड्या व मालमोटारी तेथे तयार होत आणि अमेरिकेतील वार्षिक बदल त्यांच्याबरोबर येथे येत. १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाच्या शिफारशींनुसार केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना मनाई झाली, तेव्हा निगमाने १९५४ मध्ये काम आवरले. देशातच भाग बनवावयाचे आणि खप काही हजारांचा, अशा स्थितीत साच्यांचा खर्च वर्षात भरून निघणे शक्य नव्हते. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर २०१४ पर्यंत आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी २००० पर्यंत फारशी न बदलता निघत राहिली, त्याचे एक कारण हेच. जनरल मोटर्स १९९० नंतरच्या दशकात गुजरातेतील हलोल येथे परतली. २००८ मध्ये तिने पुण्याजवळ तळेगाव येथे कारखाना सुरू केला. भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस बंद झाली. तळेगावचे निर्यातीसाठीचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि २०२३ मध्ये हा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई कंपनीने केला.