शब्दार्थांची वही

महाराष्ट्रातील इंग्रजी विद्येचा इतिहास लिहिताना सरकारी ठराव, शाळा आणि पदवीधर यांचा उल्लेख आवर्जून होतो. परंतु ज्या साधनाने ती विद्या घरोघर शिरली, त्या शब्दार्थांच्या वहीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पानाच्या मधोमध एक रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि त्यांची मोठ्याने घोकंपट्टी! ही रीत हसण्यावारी नेण्याची आता प्रथा पडली आहे. ती कितपत योग्य आहे, हे पाहू.

पाठांतराची ही सवय इंग्रजांनी आणलेली नव्हे. अमरकोश मुखोद्गत करणे हा आमच्याकडील विद्याभ्यासाचा जुनाच पाया होय. मात्र दोहोंत एक भेद आहे. अमरकोशात शब्द आपल्या आप्तेष्टांसह, वर्गवारीने भेटतो. वहीतला इंग्रजी शब्द एकाकी असतो.

आरंभी तर वहीसाठी आधारही तोकडा होता. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला. पण तो मराठी शब्दांचे इंग्रजी अर्थ देणारा. येथील विद्यार्थ्यास हवा असलेला इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने आरंभिला व कँडीने पुरा केला. तो निघावयास १८४७ साल उजाडले. मधल्या काळात, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापीत. तेथेही वहीप्रमाणे मधोमध रेघच. पण दोन्ही बाजूंस सुटे शब्द नसून पूर्ण वाक्ये होती, आणि मोठा फरक पडतो तो येथेच.

‘चार्ज’ हा शब्द घ्या. अधिकारी तो घेतो तेव्हा ताबा, पोलीस ठेवतात तेव्हा आरोप, दुकानदार लावतो तेव्हा आकार, आणि घोडदळ करते तेव्हा हल्ला! ज्याने वहीत एकच अर्थ लिहून घेतला, त्याची तीन ठिकाणी फसगत ठरलेली. डॉक्टर जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात शब्दांचे अर्थ ग्रंथकारांच्या वाक्यांनिशी दाखविले, ते याचसाठी. त्याच जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुरे केले. १८७४ साली ‘निबंधमाला’ काढणाऱ्या लेखणीला वळण लागले, त्यात या परिश्रमाचाही वाटा असला पाहिजे.

शब्दाचे एकाकीपण घालविण्याचा दुसरा उपाय तर आमच्या घरचाच आहे. आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूचे उपसर्गभेद, हे आपला विद्यार्थी जाणतो. ‘इंपोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्स्पोर्ट’ यांतही वाहून नेणे हा एकच लॅटिन धातू आहे, एवढे सांगताच तीन शब्द एका घरात नांदू लागतात. ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणजे हाताने लिहिलेले. आपले ‘हस्तलिखित’ त्याच घडणीचे.

परंतु वहीचा सर्वांत मोठा लाभ इंग्रजीस नव्हे, मराठीस झाला. उजवा रकाना रिकामा ठेवता येत नसे. म्हणून ‘नेशन’साठी ‘राष्ट्र’ हा जुना शब्द नव्या अर्थाने उभा राहिला, आणि ‘इंपोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’ यांसमोर ‘आयात’, ‘निर्यात’ येऊन बसले. परकी कल्पना स्वभाषेत मांडता येईपर्यंत ती आपणांस समजली असे म्हणता येत नाही, ही शिस्त त्या रेघेने लावली.

आज पुष्कळ सुशिक्षित घरांतील मुले इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच शिकतात. त्याने इंग्रजी सफाईदार होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण उजवा रकाना त्यामुळे कोरा राहू लागला आहे. मुलाने नवा शब्द आणला की तो वाक्यात वापरावयास सांगावे, त्याचे कूळ विचारावे आणि मग त्याच्यासमोर मराठी शब्द लिहवून घ्यावा. असे केल्यास एका वहीत दोन्ही भाषा वाढतील.