सिनेमाच्या नकाशात गोंदिया अजून सी.पी. बेरारमध्येच!



व्हॉट्सॲपवर दर आठ-पंधरा दिवसांनी 'मराठी सिनेमाचे सोनेरी दिवस' असा एखादा मेसेज येतोच. प्रभातची तुतारी, पुण्यात वर्षानुवर्षे चाललेला 'सांगत्ये ऐका', दादा कोंडके वगैरे. आपणही पुढे ढकलून देतो. पण खरं सांगा, तुमच्या बाबांनी, काकांनी गोंदियाच्या टॉकीजमध्ये यातले किती पिक्चर पाहिले? मी घरी विचारलं तर 'मुगल-ए-आझम', 'गंगा जमुना', 'शोले', 'जय संतोषी माँ' हीच नावं निघाली. मराठीतलं एकच आठवलं, 'पिंजरा'. आणि मग तिकडचे लोक म्हणतात, तुम्ही गोंदियावाले अर्धे हिंदीच. मला हे बोलणं खटकतं. आपली आवड हिंदी होती म्हणून असं झालं नाही, त्यामागे धंद्याचा हिशेब होता.

गोंदिया सी.पी. अँड बेरार प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो, आणि १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला. सरकारी कागद तीनदा बदलले. सिनेमाच्या वितरकांनी मात्र आपला नकाशा बदललाच नाही. त्यांच्या हिशेबात महाराष्ट्र एक नाहीच. मुंबई, पुणे, कोल्हापूर 'बॉम्बे' सर्किटमध्ये, मराठवाडा 'निझाम'मध्ये आणि विदर्भ 'सी.पी. बेरार'मध्ये. आजही नव्या पिक्चरच्या कमाईचे आकडे बघा, 'सी.पी. बेरार' असा रकाना दिसेल. जो प्रांत कधीचाच मोडीत निघाला, त्याच्या नावावर अजून गल्ला मोजतात!

या सर्किटचा कारभार अमरावती आणि भुसावळहून चाले. वितरक पिक्चर विकत घ्यायचा तो अख्ख्या सर्किटसाठी, म्हणजे आपल्याबरोबर जबलपूर, रायपूर, राजनांदगावसाठीही. आता त्याच्या जागी बसून विचार करा. हिंदी पिक्चर सगळीकडे चालेल, मराठी पिक्चर अर्ध्याच भागात. पैसा कशात घालाल? त्यात मराठी पिक्चरच्या प्रिंटा मोजक्या, त्या पुण्या-कोल्हापूरकडेच फिरून फिरून घासल्या जायच्या. राज्यातल्या थिएटरांनी वर्षातून चार आठवडे मराठी सिनेमा दाखवावा असा नियम सरकारने केला खरा, पण नियमाने पेटी गोंदिया स्टेशनवर उतरत नाही.

हिंदीचीही पेटी आधी मोठ्या शहरांत फिरायची, मग आपल्याकडे. तोवर गाणी मात्र पाठ झालेली असायची, आणि ती आणली रेडिओ सिलोनने. हा किस्सा मोठा गमतीचा आहे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ त्यांनी खिशात घातली. आकाशवाणीला अक्कल यायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला, तेव्हा विविध भारती आली.

आता बघा, 'अलबेला' (१९५१) भगवानदादांचा, त्याचं आणि 'अनारकली'चं (१९५३) संगीत सी. रामचंद्र म्हणजे चितळकरांचं, गाणारी लता मंगेशकर. सगळी मराठी माणसं. त्यांची हिंदी गाणी एका मराठी मंत्र्याने अडवली, म्हणून ती समुद्रापलीकडे जाऊन गोंदियाच्या मराठी घरात परत आली. बीडी वळणाऱ्या आमच्या आजीला भाषेचा हा घोळ काय माहीत? सुपात तेंदूपत्ता, हाताला गती, कानाला गाणं, एवढंच तिचं म्हणणं. आणि त्या वेळचा प्रांत धरला तर खंडव्यात जन्मलेला किशोर कुमारही आपल्याच सी.पी.चा!

टॉकीजचं पब्लिकही नुसतं मराठी नव्हतं. 'छोटी लाईन'ने बालाघाटकडची माणसं यायची, छत्तीसगडकडची मोठ्या लाईनने. आजोबा सांगत, रात्रीचा शो सुटला की ही मंडळी पहिल्या गाडीपर्यंत फलाटावरच आडवी व्हायची आणि अर्धी रात्र पिक्चरची ष्टोरी चालायची. कोणी मराठीत, कोणी पोवारीत, कोणी छत्तीसगढीत. ती छोटी लाईन आता ब्रॉडगेज झाली, फलाटावर झोपायची गरज उरली नाही.

मग आपल्याला मराठी करमणूक नव्हती का? होती ना, भरपूर! दिवाळी झाली की मंडई, मंडईच्या रात्री दंडार नाहीतर नाटक. शंकरपट असला की नाटक आलंच. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या आजही हंगामभर झाडीपट्टीत फिरतात. थंडीत घोंगडी पांघरून हजारो माणसं पहाटेपर्यंत बसतात, तिकीट काढून. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. म्हणजे सिनेमा हिंदीत आणि नाटक मराठीत अशी आपली वाटणी होती, आणि दोन्हीकडे हाऊसफुल्ल. 'मराठी सिनेमाचा सुवर्णकाळ' लिहिणाऱ्यांच्या पुस्तकांत आपल्याला जागा नाही, कारण आपलं मराठी त्या काळात पडद्यावर नव्हतं, मांडवात होतं.

काळजी एवढीच वाटते की हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे पिक्चरच्या रिळा सांभाळतात. पण तो पिक्चर आमगावला, तिरोड्याला, गोंदियाला कधी लागला, तिकीट किती होतं, रिक्षावर भोंगा लावून कोण ओरडत फिरायचा, हे तिथे कोण ठेवणार? जुने ऑपरेटर, डोअरकीपर, ब्लॅकवाले आता सत्तरी-ऐंशीत आहेत. एकेक जण चाललाय.

म्हणून विनंती. घरात कोणाच्या ट्रंकेत, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यात टॉकीजचं हँडबिल, तिकिटाचा तुकडा, नाटकाचं पत्रक निघालं तर फोटो काढून पाठवा. दोन्ही बाजूंचा काढा. हँडबिलावर नुसतं 'शुक्रवारपासून' लिहिलेलं असतं, साल नसतं. पण खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रेसचं नाव असतं, त्यावरून काळ काढता येतो.