पिल्लांची भांडणं आणि आठ आठवडे

कुत्री व्याली की पहिले दोन-तीन आठवडे पिल्लं कशी एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात. पायात बळ आलं की मात्र सुरू... याचा कान ओढ, त्याची शेपटी धर! मग घरची मंडळी घाबरतात आणि महिना व्हायच्या आत "देऊन टाकूया एकेक" म्हणू लागतात. आमच्या नात्यातूनही नुकतीच अशी विचारणा झाली, म्हणून थोडा इतिहास सांगते.

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींची कुत्री पाळली आणि पिल्लांचं वाढणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. १९६५ साली त्यावर त्यांचा ग्रंथ निघाला. बीगलची पिल्लं बहुतेक गोडीगुलाबीनं राहत, पण फॉक्स टेरियरची पिल्लं मिळून एकट्यादुकट्यावर तुटून पडत. मार खाणाऱ्याला वेगळं काढावंच लागे. म्हणजे भांडण भांडणात फरक असतो!

एरवीची चावाचावी ही शाळाच असते. जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ बंद पडतो. दात किती लावायचे हे पिल्लू तिथं शिकतं. लवकर उचललेल्या पिल्लाला हे शिकवणार कोण?

पण फार उशीरही नको. याच प्रयोगशाळेतल्या फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या आवारात पिल्लं आईजवळ वाढली, पण त्यांना माणसाचा सहवास नव्हता. काहींना दोन ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान एकेक आठवडा माणसांत आणलं. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी राहिली.

पुढे २०११ साली इटलीतला एक अभ्यास आला. तीस ते चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या कुत्र्यांत भित्रेपणा, अति भुंकणं, खाण्यावरून गुरगुरणं अशा तक्रारी दोन महिन्यांनी दिलेल्यांपेक्षा जास्त आढळल्या. आपल्याकडेही २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. फुकट देतानाही तेच वय धरावं, असं मला वाटतं.

मग तोवर काय करायचं? प्रत्येकाची ताटली वेगळी, जरा अंतरावर ठेवायची. रोज एकेकाला थोडा वेळ बाजूला घेऊन हाताळायचं, म्हणजे माणसाची आणि एकटेपणाची दोन्ही सवय होते. सगळी मिळून एकालाच धरत असतील, तर त्याला उचलून शेजारी, इतरांना दिसेल असं ठेवायचं आणि शांत झाल्यावर परत सोडायचं. रक्त निघालं तर मात्र जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

असो. चौथ्या आठवड्यात कुणी टोपली घेऊन दारात आलं, तर चहा पाजावा आणि "महिनाभरानं या" म्हणून सांगावं.