जुनी स्कूटर घेताना आधी कागद, मग किक

सीमाभागातली घरे दोन-तीन राज्यांत पसरलेली असतात आणि त्यांच्या गाड्याही. काकांची चेतक कोल्हापुरात पडवीत झाकून ठेवलेली, पुतण्या खानापूरला. काका गेले, भाऊबंद म्हणतात, ‘तूच घेऊन जा, भंगारात घालायला जीव होत नाही.’ टेम्पोत घालून गाडी येते, मेकॅनिक दोन हजारात सुरूही करून देतो. नंतर कळते की आरसी बुक अजून काकांच्याच नावावर आहे, नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे आणि गाडी दुसऱ्या राज्याची आहे. गाडी मिळाली फुकट, पण रस्त्यावर काढता येत नाही.

जुन्या छोट्या दुचाक्या जमवणाऱ्यांचे पैसे इंजिनापेक्षा कागदातच जास्त अडकतात. म्हणून घेण्याआधी काय बघायचे, याची ही माहिती.

कोणत्या गाड्यांना मागणी

या भागात सापडणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच जवळपासच्याच कारखान्यांतल्या आहेत. बजाज चेतक १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीला बनू लागली. प्रिया साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची. ५० सीसीची लुना अहमदनगरची, तीही १९७२ चीच. गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी ९८ सीसीची कायनेटिक होंडा १९८४ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला बनत होती. जावा आणि नंतरची येझदी म्हैसूरच्या आयडियल जावाची. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, हे या गाडीचे वैशिष्ट्य. लखनौच्या स्कूटर्स इंडियाने इटलीच्या इनोसेंटी कंपनीची यंत्रसामग्री आणून लॅम्ब्रेटा आणि विजय सुपर बनवल्या. तरुण पोरांचा ओढा मात्र यामाहा आरएक्स १०० कडे. ही ९८ सीसीची गाडी १९८५ ते १९९६ या काळातली.

‘विंटेज’ म्हटले की विंटेज होत नाही

विकणारा कुठल्याही जुन्या गाडीला विंटेज म्हणतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडीच विंटेज ठरते. म्हणजे १९७२ ची चेतक बसते, १९८५ ची आरएक्स १०० मात्र २०३५ पर्यंत बसणार नाही.

विंटेज म्हणून नवी नोंदणी करायला शुल्क २०,००० रुपये, ती चालते १० वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण ही गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज बाजारात न्यायची असेल तर नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी. नव्या दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २० वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये झाले. हरित कर आणि उशिराचा दंड वेगळा.

राज्य बदलले की

दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी लागते. त्यात चासीचा पेन्सिलने घेतलेला ठसा द्यावा लागतो. थकलेला कर किंवा दंड असेल तर तो आधी भरावा लागतो. मग इथल्या आरटीओत नव्या नंबरासाठी फॉर्म २७, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, शिवाय इथला रोड टॅक्स.

जुन्या गाड्यांचा खरा घोळ एनओसीच्या पायरीवर होतो. सध्याची राज्य आणि आरटीओच्या आकड्याची नंबर पद्धत १९८९ पासूनची. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या नोंदी कागदी रजिस्टरात आहेत. त्या संगणकावर चढवलेल्या नसतील तर मूळ आरटीओला आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करावी लागते, आणि रजिस्टरात नोंद सापडलीच नाही तर पुढचे काम तिथेच थांबते. म्हणून पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघावा.

मालक हयात नसेल तर

वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. घरोघरी हे राहून जाते. अशा वेळी गाडी आधी वारसाच्या नावावर, मग विकत घेणाऱ्याच्या नावावर, हा क्रम पाळावा. बाकीच्या वारसांची लेखी संमती वेळेत घ्यावी. आज ‘घेऊन जा’ म्हणणारा भाऊ उद्या गाडीची किंमत कळल्यावर तेच म्हणेल असे नाही. जुन्या बुकात बँकेच्या कर्जाचा शिक्का असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखलाही लागतो.

गाडी तपासताना

पहिले काम, चासी आणि इंजिन नंबर बुकाशी ताडून बघणे. आरएक्स १०० मध्ये १३५ सीसीचे इंजिन बसवलेले सर्रास सापडते. नंबरावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरावे. भंगारवाल्याकडची, नोंदणी रद्द झालेली गाडी सुट्या भागांसाठी ठीक, चालवायला नाही.

चेतक, प्रिया, व्हेस्पा यांची पत्र्याची बॉडी हीच चासी असते. पाय ठेवायच्या जागेखालचा पत्रा गंजला असेल तर तो रंगाचा प्रश्न नाही, मोठे वेल्डिंगचे काम आहे. लांबी भरून रंग मारलेला आहे का, ते साधे लोहचुंबक फिरवून कळते. जाड लांबीवर ते धरत नाही. लॅम्ब्रेटाची चासी पाइपची असल्याने वरचे पत्रे बदलता येतात.

इंजिन थंड असतानाच किक मारून बघावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. टू-स्ट्रोकमध्ये थोडा धूर असतोच. पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअरचे ऑइल कमी होत असेल तर क्रँकचे ऑइल सील गेलेले असते. एक्सिलेटर सोडूनही इंजिन पळत राहिले तर कुठून तरी हवा ओढत आहे. याआधी किती वेळा बोअर केले आहे, तेही विचारावे. शेवटचा ओव्हरसाइज पिस्टन बसला असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरच बदलावे लागेल.

भाव ठरवताना

गाडीची मागितलेली किंमत, नूतनीकरण, कर, एनओसीच्या फेऱ्या आणि इंजिनकाम अशी बेरीज कागदावर मांडावी. कागद पूर्ण असलेली, बंद पडलेली गाडी ही कागद नसलेल्या चालू गाडीपेक्षा नेहमी स्वस्त पडते. इंजिन मेकॅनिक दुरुस्त करतो, हरवलेली नोंद कुठलाच मेकॅनिक दुरुस्त करत नाही. विसार देताना ‘एनओसी मिळाल्यावर बाकी रक्कम’ हे लिहून घ्यावे, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी विमा उतरवावा.

काकांची चेतक अजून पडवीतच असेल, तर ती हलवायची घाई नको. आधी बुक शोधावे.