मदरबोर्ड फर्मवेअर अद्ययावतीकरणानंतरचे बिघाड

मदरबोर्डवरील फर्मवेअरची, म्हणजेच रूढ भाषेत 'बायोस'ची, नवी आवृत्ती चढविल्यानंतर संगणक सुरू न होणे, पडदा काळा राहणे, कार्यप्रणाली न सापडणे, कूटबद्ध डिस्कची किल्ली मागितली जाणे किंवा यंत्र अस्थिर होणे, अशा अडचणींना एकत्रितपणे मदरबोर्ड फर्मवेअर अद्ययावतीकरणानंतरचे बिघाड म्हटले जाते. यांपैकी फार थोड्या अडचणींत फर्मवेअरची चिप खरोखर निकामी झालेली असते. बहुतेक वेळा नवी आवृत्ती बिनचूक लिहिली गेलेली असते आणि केवळ वापरकर्त्याने पूर्वी निवडलेली सेटिंग पुसली जाऊन कारखान्यातील मूळ सेटिंग परत आलेली असते. हा भेद न ओळखता डिस्क फॉरमॅट केली जाते आणि जी माहिती सुरक्षित होती तीच नष्ट होते. फर्मवेअर अद्ययावत करताना डिस्कवरील फायलींना स्पर्श होत नाही, ही या संपूर्ण विषयातील पायाभूत गोष्ट आहे.

पार्श्वभूमी

संगणकाला वीज मिळाल्यावर प्रोसेसर सर्वप्रथम मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमधील आज्ञावली चालवितो. ही आज्ञावली मेमरी, डिस्क, कळफलक इत्यादी भाग जागे करते आणि मग कार्यप्रणालीकडे ताबा सोपविते. १९८१ च्या आयबीएम पीसीत ही आज्ञावली न बदलता येणाऱ्या रॉम चिपमध्ये होती. ती बदलायची तर चिपच बदलावी लागे. पुढे फ्लॅश चिप आल्या आणि फर्मवेअर पुन्हा लिहिणे शक्य झाले. सोय आली तसा धोकाही आला. इंटेलने इटॅनियम यंत्रांसाठी सुरू केलेल्या कामातून यूईएफआय हे नवे मानक उभे राहिले आणि २००५ मध्ये त्यासाठी यूईएफआय फोरमची स्थापना झाली. आजचे जवळजवळ सर्व मदरबोर्ड यूईएफआयवर चालतात, मात्र बोलण्यात 'बायोस' हाच शब्द टिकून आहे.

नव्या मदरबोर्डांवरील चिपची क्षमता साधारणतः १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. तीत मुख्य आज्ञावलीबरोबरच प्रोसेसरचा मायक्रोकोड, जाळ्याचा पत्ता, यंत्राचा अनुक्रमांक आणि बूट होण्याच्या नोंदी असतात. घड्याळ चालू ठेवण्यासाठी बोर्डावर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा सेल असतो.

बिघाडाचे स्वरूप ओळखणे

पहिला प्रश्न असा की यंत्र फर्मवेअरच्या सेटिंग पडद्यापर्यंत पोहोचते की नाही. डिलीट किंवा एफ२ कळ दाबून तो पडदा उघडत असेल, तर चिपमधील फर्मवेअर चालू आहे आणि दोष जवळजवळ निश्चितपणे सेटिंगमध्ये आहे. पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच येत नाही, अशा वेळी घाई करू नये. अद्ययावतीकरणानंतर मेमरीची जुळवणी नव्याने होते. डीडीआर५ मेमरीच्या यंत्रांत तिला काही मिनिटे लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. यंत्र मेले असे समजून या काळात बटण दाबून ते बंद केल्यास जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पडदा काळा राहण्याचे दुसरे, सहसा लक्षात न येणारे कारण म्हणजे जुने ग्राफिक्स कार्ड. नव्या आवृत्तीत जुन्या पद्धतीची सुसंगतता, म्हणजे सीएसएम, मुळातच बंद ठेवलेली असू शकते. यूईएफआय न समजणारे जुने कार्ड मग चित्रच दाखवीत नाही. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असल्यास मॉनिटरची केबल मदरबोर्डवरील जोडणीत लावून पाहावी.

एवढ्यावर भागले नाही, तर विजेची केबल काढून सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा किंवा बोर्डावरील त्यासाठीच्या दोन पिना माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षणभर जोडाव्यात. दुरुस्तीच्या बोलीत याला 'सीमॉस क्लिअर करणे' म्हणतात. जुन्या आवृत्तीतील काही मूल्ये नव्या आवृत्तीला न समजल्याने अडकलेले यंत्र या एका कृतीने पुष्कळदा सुरू होते. तरीही न झाल्यास मेमरीची एकच पट्टी ठेवून, जादा कार्डे व यूएसबी साधने काढून पुन्हा पाहिले जाते.

पुसली गेलेली सेटिंग

सर्वांत जास्त घबराट उडविणारी अडचण डिस्कच्या पद्धतीची असते. डिस्क रेड, एएचसीआय किंवा इंटेलच्या व्हीएमडी यांपैकी ज्या पद्धतीवर असताना विंडोज स्थापित केलेले असते, ती पद्धत बदलली की विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही आणि निळ्या पडद्यावर बूट साधन उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. मूळ पद्धत परत निवडली की तीच डिस्क जशीच्या तशी सुरू होते. येथे विंडोज पुन्हा स्थापित करण्याचे काहीही कारण नसते.

बूट पद्धतीचेही तसेच आहे. एमबीआर विभागणीची जुनी डिस्क सीएसएमवर अवलंबून असते, तर जीपीटी विभागणीची डिस्क यूईएफआयवर. सीएसएम बंद झाल्यास पहिल्या प्रकारची डिस्क बूट यादीतून दिसेनाशी होते. लिनक्स वापरणाऱ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा बूट नोंदच पुसली जाते. लाइव्ह यूएसबीवरून यंत्र सुरू करून 'ईएफआयबूटएमजीआर' या साधनाने ती नोंद पुन्हा करता येते.

काही सेटिंग अशी असतात की त्यांचा परिणाम आठवड्यांनी कळतो. आभासीकरण बंद झाल्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स किंवा अँड्रॉइड एम्युलेटर चालत नाही. एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल गेल्यामुळे मेमरी कमी वेगाने चालते. वीज गेल्यानंतर आपोआप सुरू होण्याचे सेटिंग पुसले गेल्याने कार्यालयातील सर्व्हर वा कॅमेऱ्यांचे मुद्रण करणारा संगणक वीज परतल्यावरही बंदच राहतो. अद्ययावतीकरणापूर्वी सेटिंगच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. बोर्डातच प्रोफाइल जतन करण्याची सोय असते, परंतु जुन्या आवृत्तीतील प्रोफाइल नव्या आवृत्तीत उघडेलच असे नाही.

कूटबद्ध डिस्क

माहिती कायमची गमावण्याचा खरा धोका येथे आहे. विंडोजमधील बिटलॉकर डिस्कची किल्ली टीपीएम या सुरक्षा घटकात ठेवतो आणि यंत्राचे फर्मवेअर ओळखीचे असेल तरच ती सोडतो. फर्मवेअर बदलले की ओळख बदलते व ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू केलेल्या अनेक लॅपटॉपांवर कूटबद्धता आपोआप सुरू झालेली असते आणि मालकाला तिची कल्पनाही नसते. अशा वेळी किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. संस्थेच्या संगणकाची किल्ली संस्थेच्या प्रशासकाकडे असू शकते. किल्ली कोठेच नसेल तर डिस्कवरील माहिती कोणताही दुरुस्तीकार परत मिळवून देऊ शकत नाही.

एएमडी प्रोसेसरच्या यंत्रांवर अद्ययावतीकरणानंतर, प्रोसेसरमधील टीपीएम नव्याने स्थापित करायचे का, असा इंग्रजी प्रश्न पडद्यावर येऊ शकतो. वाय दाबल्यास आतील किल्ल्या पुसल्या जातात. डिस्क कूटबद्ध आहे आणि पुनर्प्राप्ती किल्ली हाताशी नाही, अशा स्थितीत एन दाबून पुढे जावे आणि आधी किल्ली शोधावी. टीपीएम पुसले गेल्यास विंडोजमध्ये प्रवेशासाठीचा पिनही चालत नाही. तेथे खात्याचा संकेतशब्द वापरून नवा पिन करता येतो. काम सुरू करण्यापूर्वी विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरते स्थगित करणे हे योग्य होय. विंडोजमधून चालणाऱ्या उत्पादकांच्या अद्ययावत आज्ञावली हे बहुधा स्वतःच करतात, पण यूएसबीवरून थेट सेटिंग पडद्यात केलेल्या अद्ययावतीकरणात ते वापरकर्त्यालाच करावे लागते.

अर्धवट लेखन व त्यातून सुटका

चिपमध्ये लेखन चालू असताना वीज गेली, किंवा दुसऱ्याच मॉडेलची फाइल चढविली गेली, तर मात्र फर्मवेअर खरोखर नादुरुस्त होते. एकाच नावाच्या बोर्डाच्या वेगवेगळ्या सुधारित आवृत्त्या असतात. बोर्डावर छापलेला आवृत्ती क्रमांक पाहिल्याशिवाय फाइल उतरवून घेऊ नये, हे त्यामुळेच सांगितले जाते.

अनेक मध्यम व उच्च किमतीच्या बोर्डांवर प्रोसेसर किंवा मेमरी नसतानाही चालणारी फ्लॅशबॅकची सोय असते. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या यूएसबीवर उत्पादकाने सांगितलेल्या नावाने फाइल ठेवून ती खूण केलेल्या जोडणीतच लावावी लागते आणि मागील बटण काही सेकंद दाबावे लागते. दिवा लुकलुकणे थांबेपर्यंत वीज बंद करता कामा नये. फाइलीचे नाव चुकणे हे या पद्धतीच्या अपयशाचे नेहमीचे कारण आहे. गिगाबाइटच्या काही बोर्डांवर फर्मवेअरची दुसरी चिप राखीव असते. एचपीच्या अनेक लॅपटॉपांवर विंडोज व बी, तर डेलच्या अनेक यंत्रांवर कंट्रोल व एस्केप या कळा दाबून धरल्यास पुनर्प्राप्ती सुरू होते.

यांपैकी काहीच नसल्यास आठ पायांची फ्लॅश चिप बाहेरच्या प्रोग्रामरने लिहावी लागते. सीएच३४१ए हा त्यासाठीचा स्वस्त व सर्वत्र आढळणारा प्रोग्रामर. हे काम वरकरणी सोपे दिसते, पण त्यात तीन खाचखळगे आहेत. काही चिप ३.३ नव्हे तर १.८ व्होल्टच्या असतात आणि जास्त दाबाने जळतात. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील फाइल चिपची हुबेहूब प्रतिमा असतेच असे नाही. तिला वेष्टन असू शकते किंवा तीत काही विभाग नसतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: जुन्या चिपमधील मजकूर आधी वाचून जतन केला नाही, तर यंत्राचा अनुक्रमांक, जाळ्याचा पत्ता आणि लॅपटॉपमधील विंडोजची परवाना किल्ली कायमची जाऊ शकते.

मागील आवृत्तीकडे परतणे

नव्या आवृत्तीनंतर यंत्र अस्थिर झाल्यास जुनी आवृत्ती परत चढविण्याचा विचार केला जातो. ते नेहमी शक्य नसते. सुरक्षेतील त्रुटी बुजविणाऱ्या आवृत्त्यांनंतर उत्पादक मागे जाण्याचा मार्ग मुद्दाम बंद करतात. एएमडीच्या एएम४ बोर्डांच्या बाबतीत चिपमधील जागाच अपुरी पडली. २०१९ मध्ये रायझन ३००० मालिकेसाठी आलेल्या आवृत्त्यांत १६ मेगाबाइट चिप असलेल्या काही बोर्डांवरून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकण्यात आला. बोर्डात जुना प्रोसेसर ठेवूनच अशी आवृत्ती चढविणाऱ्याचा संगणक लेखन यशस्वी होऊनही सुरू होत नाही.

उल्लेखनीय घटना

२६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने अनेक देशांतील संगणकांच्या डिस्कवरील माहितीबरोबरच काही मदरबोर्डांवरील फर्मवेअरही पुसून टाकले. चेर्नोबिल दुर्घटनेच्या तारखेशी जुळल्यामुळे तो त्याच नावाने ओळखला गेला. आज्ञावलीने यंत्राचे भागच निकामी करता येतात, हे सामान्य वापरकर्त्याला तेव्हा प्रथम उमगले.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या त्रुटीवर उपाय म्हणून आलेल्या मायक्रोकोडमुळे काही यंत्रे आपोआप पुन्हा सुरू होऊ लागली. २२ जानेवारीस इंटेलने त्या आवृत्त्यांचे वितरण थांबविण्यास सांगितले. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यानंतर फर्मवेअरद्वारे त्यांच्या एका विद्युतदाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अस्थिरतेवर ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड आला. तो पुढील झीज रोखतो, झालेली झीज भरून काढीत नाही. म्हणून अद्ययावत केल्यानंतरही कोसळत राहणाऱ्या अशा यंत्रात दोष नव्या फर्मवेअरचा नसून आधीच झिजलेल्या प्रोसेसरचा असू शकतो. इंटेलने या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविली.

वीजपुरवठा व स्थानिक परिस्थिती

मराठवाड्यासारख्या भागात या विषयाला वीजपुरवठ्याची बाजू जोडलेली आहे. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेड येथे मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाबरोबर वारा सुटला की वीज जाणे नवलाचे नाही. फर्मवेअरचे लेखन काही मिनिटांचेच असले तरी ते अशा संध्याकाळी करणे धोक्याचे असते. घरगुती इन्व्हर्टर यासाठी पुरेसा मानू नये. साध्या पद्धतीवर ठेवलेला इन्व्हर्टर वीज गेल्यावर पुरवठा बदलण्यास जो वेळ घेतो, तेवढ्यात पंखा व दिवा चालू राहतात, पण संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस पद्धतीचे बटण असल्यास ते वापरावे, अन्यथा संगणकासाठीचा वेगळा यूपीएस घ्यावा आणि त्याची बॅटरी आधी तपासावी. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असूनही चार्जर जोडलेला असावा लागतो. बहुतेक उत्पादक त्याशिवाय अद्ययावतीकरण सुरूच होऊ देत नाहीत.

शाळांच्या संगणक कक्षांत आणखी एक गैरसमज आढळू शकतो. उन्हाळी सुटीत कक्षाचा मुख्य स्विच बंद असतो. यंत्राला वीज जोडलेली असताना घड्याळ त्या विजेवर चालते, सुटीत मात्र सगळा भार नाण्याच्या सेलवर येतो. जुना सेल या काळात संपला, तर जूनमध्ये यंत्र अनेक वर्षांपूर्वीची तारीख दाखविते, आणि दोष सुटीपूर्वी केलेल्या फर्मवेअर अद्ययावतीकरणावर टाकला जातो. तारीख चुकल्यामुळे संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि इंटरनेट चालू असूनही पाने उघडत नाहीत. सेल बदलून तारीख लावल्यास ही तक्रार मिटते. सेल नवा असूनही प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल, तरच सेलची बैठक, सीमॉसच्या पिनांवर चुकून राहिलेली टोपी आणि शेवटी फर्मवेअर, या क्रमाने तपासणी करावी.